मूळपुरुषाच्या मागे

तोंडवलीहून तळाशीलच्या टोकाकडे निघाले की उजव्या हाताला समुद्र आणि डाव्या हाताला गड नदीची खाडी राहते. मधली वाळूची पट्टी काही ठिकाणी इतकी चिंचोळी आहे की समुद्राची गाज आणि खाडीच्या चिखलाचा वास एकाच उंबऱ्यावर येतात. माड, सुरू, कौलारू घरे, अंगणात सुकत घातलेली जाळी. पावसाळ्यात समुद्र किनारा खातो, तळाशीलकरांना दरवर्षी त्याची धास्ती असते. जमिनीचा असा भरवसा नसलेल्या आमच्या जुन्या माणसांनी वंशावळ मात्र तोंडपाठ ठेवली होती.

माझ्या आजोबांना, म्हणजे आम्हा पोरांच्या आजोला, सात पिढ्यांची नावे येत. संध्याकाळी दिवा लागला की सुपारी कातरत ते ती म्हणून दाखवीत. कोण पटकीत गेला, कोण आगबोटीने मुंबईला गेला तो परतलाच नाही, कोणी रापणीसाठी पहिली होडी घेतली, हे सगळे त्या नावांना चिकटलेले असे. सातवे नाव मूळपुरुषाचे. तिथे ते थांबत.

“आजो, तेच्या आधी कोण होतो?”

“तेच्या आधीचा देवाक म्हायत.”

हे उत्तर ते फार समाधानाने देत. पुढे मी विज्ञानाचा शिक्षक झालो, या किनाऱ्यावरच्या शाळांतच माझी सगळी नोकरी झाली, आणि उत्क्रांतीचा धडा आला की दरवर्षी मला आजोचे ते थांबणे आठवे. त्यांची नावे जिथे संपत तिथून पुढे मला मुलांना न्यायचे होते. त्यांच्या देवाला धक्का लावावा असे मला कधी वाटले नाही. त्या सातव्या नावापलीकडेही आपलीच माणसे आहेत, आणि माणसांच्याही पलीकडे आपलेच कोणीतरी आहे, एवढे मुलांना कळावे, ही माझी धडपड होती.

हिशेब सोपा आहे. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर सात पिढ्या म्हणजे पावणेदोनशे वर्षे. आमच्याच मालवण तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेली चित्रे आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांच्या ज्या गटाचे नाव २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले, त्यात कुडोपी आहे. गावोगावच्या म्हाताऱ्यांनी अशी चित्रे पांडवांच्या नावावर घातलेली. अभ्यासक ती मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. ती दहा हजार वर्षांपूर्वीची धरली, तर चारशे पिढ्या झाल्या. मोरोक्कोत जेबेल इरहूद इथे आपल्याच जातीच्या माणसाचे सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. म्हणजे बारा हजार पिढ्या. आणि चिंपांझीची व आपली वाट वेगळी झाली त्याला साठ-सत्तर लाख वर्षे तरी होऊन गेली. फळ्यावर ही शून्ये मांडत गेलो की वर्ग गप्प होई. आजोची सात नावे त्या फळ्याच्या कोपऱ्यात मावत.

एकदा मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, “सर, माणूस माकडापासून झालो, तर मग मारुती आमचो कोण?”

त्याच्या वाडीत मारुतीचे देऊळ होते आणि त्याचे वडील दर शनिवारी तिथे तेल घालत. प्रश्न मनापासून आलेला होता. मी त्याला त्याच्याच भावकीत नेले. तुझ्या आडनावाची घरे तोंडवलीत आहेत, वायंगणीत आहेत, काही मुंबईला परळ-लालबागेत जाऊन राहिली. परळचे काका तुझे आजोबा आहेत का? नाहीत. पण तुझे घराणे आणि त्यांचे घराणे मागे नेत गेलास तर एका मूळपुरुषापाशी येते. आजचे माकड आपला पूर्वज नाही. ते आपल्या भावकीत आहे. चिंपांझी जवळच्या भावकीतला, वानर थोडा लांबचा, गाय आणखी लांबची, आणि खाडीतला मासा फार फार लांबचा. तरी मूळपुरुष एकच. कोकणातल्या पोराला हे समजवायला वेगळे चित्र काढावे लागत नाही. वाटण्या झाल्या, घरे वेगळी झाली, बोलचाल बंद झाली, तरी भावकीत कोणी गेले की सूतक लागतेच, हे त्याने घरात पाहिलेले असते.

“मग देव खोटो काय?” हा पुढचा प्रश्न कधी कोणी उघड विचारी, बहुतेक वेळा तो डोळ्यांत असे. त्यावर मी मुलांना डोबझान्स्कीची गोष्ट सांगत असे. थिओडोसियस डोबझान्स्की हा विसाव्या शतकातला मोठा आनुवंशशास्त्रज्ञ. उत्क्रांतीच्या प्रकाशावाचून जीवशास्त्रातल्या कशाचाच अर्थ लागत नाही, असे त्याने १९७३ साली अमेरिकेतल्या जीवशास्त्र शिक्षकांच्या मासिकात मांडले. हाच माणूस ख्रिस्ती श्रद्धाळू होता आणि ते त्याने लपवले नाही. डार्विनचे तसे नव्हते. तो केंब्रिजला धर्मोपदेशक व्हायच्या वाटेवर होता. १८५१ साली त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी गेली, हळूहळू श्रद्धा गेली, आणि पुढे तो स्वतःला अज्ञेयवादी म्हणू लागला. त्याची बायको एमा मात्र शेवटपर्यंत श्रद्धाळू राहिली आणि दोघांचा संसार प्रेमाने झाला. देव आहे की नाही याचा निवाडा दहावीच्या पुस्तकात नाही, पण पुस्तकात जे आहे ते पुराव्यानिशी आहे, आणि ते खोटे ठरवायला कोणाची श्रद्धा पुरणार नाही, एवढे मी ठामपणे सांगे.

पुरावा दाखवायला मी मुलांना खाडीवर नेई. ओहोटी लागली की कांदळाच्या मुळांमधला चिखल उघडा पडतो आणि त्यावर निवट्या दिसू लागतात. आमच्याकडे निवटीचे सुके आवडीने खातात, त्यामुळे मुलांना तिला पकडायचे कसे ते ठाऊक. तिच्याकडे पाहायचे कसे ते मी शिकवी. डोळे डोक्याच्या वर आलेले. पुढचे पर टेकून ती चिखलावरून सरकते, शेपटीच्या झटक्याने उडी मारते. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवते आणि ओल्या कातडीतून, तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते. चिखलात बीळ करते, आणि काही जातींत तर तोंडात हवा भरून ती बिळात नेऊन सोडतात, अंड्यांना श्वास मिळावा म्हणून. मासा म्हटला की पाण्याबाहेर तडफडून मरणारा, ही समजूत त्या अर्ध्या तासात गळून पडे.

तिथे उभे राहूनच मी सांगायचो की निवटी आपली पूर्वज नव्हे. आपली वाट वेगळ्या, मांसल परांच्या माशांतून आली, सदतीस-अडतीस कोटी वर्षांपूर्वी. त्या काळच्या खडकांत असा प्राणी मिळायला हवा असे अनुमान बांधून नील शुबिन आणि त्याचे सहकारी कॅनडाच्या उत्तरेकडच्या एल्समीअर बेटावर शोधत राहिले, आणि २००४ साली त्यांना टिक्टालिक मिळाला. अंगावर खवले आहेत, पर आहेत, पण परांच्या आत खांदा, कोपर, मनगट यांची हाडे. आणि माशाला नसते ती मानही आहे. मुले आपले मनगट फिरवून बघत आणि मग चिखलाकडे. एका मुलीने निवटीला नमस्कार केलेला मला आठवतो. मी तिला का म्हणून विचारले नाही.

या ठिकाणी आमच्याकडचा प्रत्येक हुशार पालक मला दशावताराची आठवण करून देतो. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. सर, आमच्या पूर्वजांना डार्विनच्या आधीच ठाऊक होते! हा मोह जुना आहे. जे. बी. एस. हॉल्डेनसारख्या मोठ्या उत्क्रांतिशास्त्रज्ञालाही या क्रमातले साम्य सांगावेसे वाटले. हॉल्डेन १९५७ साली भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. त्याच्याविषयी मला आदर आहे. तरीही हे जुळवणे मला कधी पटले नाही, आणि ते न पटण्यामागे दशावतारावरचे माझे प्रेमच आहे.

मी धयकाल्यावर, म्हणजे दशावतारी नाटकांवर वाढलो. जत्रेच्या रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात गणपती येई, रिद्धी-सिद्धी येत, मग काळ्या वेषातला संकासुर मालवणीत बोलत वेद पळवून नेई आणि अख्खा गाव हसून लोळे. विष्णू त्याला मारी, मग आख्यान लागे, आणि पहाटे दहीकाला होईपर्यंत आम्ही आजीच्या गोधडीत अर्धे झोपेत, अर्धे स्वर्गात. त्या संकासुराला दहावीच्या पुस्तकातला पुरावा करणे म्हणजे त्याचे सोंग उतरवणे. आणि विज्ञानाच्या बाजूनेही ते चूक आहे. अवतारांच्या रांगेत मासा खालच्या पायरीवर आणि माणूस वर. उत्क्रांतीत अशी पायरी नाही. खाडीतली निवटी अर्धवट राहिलेला बेडूक नव्हे. तिच्या मागेही आपल्याइतकीच कोट्यवधी वर्षे आहेत आणि ती तिच्या चिखलात पुरी आहे. माणूस शेंड्यावर बसला की भावकी मोडली.

श्रद्धेच्या माणसांना हे भावकीचे नाते माझ्याआधी उमगले होते, पण वेगळ्या वाटेने. तोंडवलीच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. पूर्वी ही अंडी सर्रास काढून नेत, खात, विकत. माझी आजी ती घरात घेऊ देत नसे. रात्री पुळणीवर कासवीण चढताना दिसली की ती आम्हाला दटावी, “बाळंतीण इली हा, दिवो दाखवू नको.” उजेडाने कासवी बिथरते, अंडी न घालता परत फिरते आणि पिल्ले भलत्याच दिशेला जातात, हे मी पुढे पुस्तकांत वाचले. आजीने ते वाचले नव्हते. तिला देवळातल्या गाभाऱ्यासमोरचे दगडी कासव ठाऊक होते आणि बाळंतपणे ठाऊक होती. ती गावातली सुईण होती. मेलेले कासव किनाऱ्याला लागले तर ती त्याला हळदकुंकू लावी आणि पोरांकडून वाळूत पुरवून घेई. सूतक म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

समोरच्या पाण्यात डॉल्फिन उसळी मारतो तेव्हा त्याच्या पराच्या आत हात आणि बोटांची हाडे असतात. देवमाशांचे आणि डॉल्फिनांचे पूर्वज जमिनीवरचे खुरांचे प्राणी होते आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी ते याच उपखंडाच्या किनाऱ्यांवर पाण्यात उतरले; पाकिस्तानात, जम्मूच्या कालाकोटात, कच्छमध्ये त्यांचे आणि त्यांच्या जवळच्या भावकीचे अवशेष मिळाले आहेत. त्यातल्या एकाचे नावच कच्छीसेटस. आमच्या याच सागरकिनाऱ्याच्या वरच्या अंगाला. वायंगणी-तोंडवलीत सी वर्ल्ड हे सागरी प्राण्यांचे उद्यान उभारण्याची योजना निघाली तेव्हा गावाने जमिनीसाठी विरोध केला, तो योग्यच होता. मला मात्र टाकीत ठेवायच्या त्या प्राण्यांचेही वाटे.

आजी नवजात बाळाच्या तळहातात आपले बोट ठेवून बघे. बाळाने घट्ट धरले की म्हणे, “जीव धरल्यान.” ती पकड माकडिणीच्या केसांना लटकणाऱ्या पिलापासून चालत आलेली आहे. आणि ग्रामदैवत रामेश्वरापुढे गाऱ्हाणे सुरू होते, मानकरी एकेक ओळ उच्चारतो, माणसे एका आवाजात “व्हय म्हाराजा” म्हणतात, तेव्हा अंगावर काटा येतो, तोही तिकडचाच. थंडीत किंवा भीतीत अंगावरचे दाट केस उभे करणाऱ्या पूर्वजांचे ते स्नायू आपल्या कातडीखाली अजून आहेत. केस गेले, काटा राहिला. गाऱ्हाण्याला मी आजही उभा राहतो आणि मला आजही काटा येतो. त्याचे कारण ठाऊक असल्याने तो कमी येत नाही.

आजीचे माहेर आचऱ्याचे. आचऱ्याला गावपळण असते. शेजारच्या वायंगणी आणि चिंदरलाही आहे. आचऱ्यात काही वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल घेऊन अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. गुरे, कुत्री, कोंबड्यांसकट. मागे कोणी राहत नाही. देवाचा गाव आहे, तीन दिवस देवाला मोकळा सोडायचा. आजकाल याची वैज्ञानिक कारणे सांगणारे पुष्कळ भेटतात, जागा निर्जंतुक होते, प्रदूषण घटते वगैरे. मला ती कारणे मागाहून शिवलेली वाटतात. आजीने सांगितलेली गावपळण मला जास्त खरी वाटते. ती लहान असताना माडाच्या झावळांच्या राहुट्या घालून लोक राहिले. तिच्या राहुटीच्या एका अंगाला मुसलमान कुटुंब होते, कारण गाव सोडताना तेही सोडतात. पलीकडे गावकुसाबाहेरचे महार कुटुंब होते. तीन दगडांची चूल सगळ्यांची सारखी. पाणी नदीचे. “नदीर कोणी कोणाक इचारूक नाय. देवान सगळ्यांका एकाच मांडवात बसवल्यान.”

चौथ्या दिवशी कौल झाला, गाव परत आत गेला, आणि विहीर पुन्हा विहीर झाली. महारांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, त्यांना रहाटाला हात लावू द्यायचा नाही. ही गोष्ट सांगताना आजीचा आवाज बदले. तीन दिवस जे चालले ते चौथ्या दिवशी का चालू नये, हा तिचा प्रश्न होता, आणि तिला शाळा माहीत नव्हती. याच कोकणात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. याच जिल्ह्यात कणकवलीला आप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली गोपुरी आश्रम काढला. तत्त्वज्ञानाचा हा प्राध्यापक मैला साफ करायचा आणि मेलेली गुरे सोलायचा, आणि १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून त्याने उपोषण केले होते. आंबेडकरांनी हक्क मागितला, आप्पासाहेबांनी आपल्या जातीचे सोवळे फेकले. दोघांच्या मागे उत्क्रांतीचा धडा नव्हता. पण धडा वाचून झाल्यावर माणसामाणसांत विटाळ मानायला जागाच उरत नाही. ज्याला निवटी भावकीतली वाटते त्याला शेजारच्या वाडीतला माणूस परका कसा वाटेल? वाटत असेल, तर त्याला धडा पाठ झालाय, कळलेला नाही. वर्गात यावर मी कधीही सौम्य बोललो नाही.

वडिलांच्या पहिल्या म्हाळाला मी तर्पणाचा अर्थ भटजींकडून नीट समजून घेतला. बाप, आजोबा, पणजोबा, असे नावानिशी पाणी दिले जाते. मग ज्यांना पाणी द्यायला कोणी नाही त्यांना. मग ब्रह्मदेवापासून गवताच्या पात्यापर्यंत जे जे आहे त्या सगळ्याला. मी हातात दर्भ घेऊन बसलो होतो आणि मला वाटले, आजो सातव्या नावाशी थांबत होते, पण त्यांच्याच विधीत पुढची वाट लिहिलेली होती. गवताचे पातेसुद्धा आपल्यात धरले होते. ज्या कोणी ते पहिल्यांदा म्हटले त्याच्याकडे डीएनएचा पुरावा नव्हता. आपल्याकडे आहे. पुरावा असून आपण त्याच्यापेक्षा तोकडे वागत असू, तर दोष विज्ञानाचाही नाही आणि श्रद्धेचाही नाही.

म्हणून धड्याची काळजी वाटते. २०१८ च्या जानेवारीत औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे सांगितले, तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून त्याला उत्तर दिले. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळला. देशभरच्या अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी निषेध केला. तो भाग बारावीच्या जीवशास्त्रात आहे, पण बारावीला जीवशास्त्र घेणारी मुले किती? बाकीच्यांची भावकी दहावीलाच तुटली. आपल्या राज्य मंडळाने मात्र २०१८ पासूनच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा ठेवला. अवशेषांगे, जोडणारे दुवे, पुराजीव पुरावे, सगळे त्यात आहे. ते टिकावे म्हणून शिक्षकांनी आणि पालकांनी जागे राहायला हवे.

किनाऱ्यावरच्या शाळांतल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. हा धडा जूनमध्ये येतो, तेव्हा पाऊस असतो आणि खाडी गढूळ. जून-जुलैत वर्गात शिकवा, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर एक दिवस ओहोटीची वेळ बघून मुलांना खाडीवर न्या. येताना प्रत्येकाने घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडून पिढ्यांची नावे विचारून, लिहून आणायला सांगा. नावे सांगणारी माणसे कमी होत चालली आहेत, आणि निवट्याही.